वारसा हवा, तिहार नको

विजयाराजे शिंदे यांच्या राजकीय आयुष्यातले दोन प्रसंग बाकी सगळ्यांपेक्षा मोठे आहेत. १९६७ च्या जुलैत त्यांनी मध्य प्रदेशातले काँग्रेसचे सरकार पाडले. १९७५ च्या आणीबाणीत त्या तिहारच्या तुरुंगात गेल्या. आज त्यांचे नाव घेणाऱ्यांची कमी नाही. मुली घेतात, नातू घेतो, पक्ष घेतो. पण या दोनपैकी पहिला प्रसंग घराण्याने गिरवला आणि दुसरा देवघरात ठेवून दिला, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्वाल्हेर-चंबळच्या राजकारणात शिंदे घराण्याला लोक एका शब्दात ओळखतात: महल. अमका महलचा माणूस, तमका महलविरोधी. पक्षाचे नाव त्यानंतर येते. आपल्याकडे मात्र या घराण्याचा विषय निघाला की सातारा जिल्ह्यातले कण्हेरखेड आठवते, पानिपत आठवते, वानवडीची महादजींची छत्री आठवते, आणि अभिमानाने विषय संपतो. अभिमान जरूर असावा. पण अठराव्या शतकातल्या पराक्रमाच्या जोरावर एकविसाव्या शतकातल्या राजकारणाला आपण प्रश्नच विचारायचे नाहीत, हे मला मान्य नाही.

विजयाराजे मुळात मराठी नव्हत्या. जन्म सागरचा, १९१९ चा. वडील ठाकूर, आई नेपाळच्या राणा घराण्यातली. १९४१ मध्ये जिवाजीराव शिंद्यांशी लग्न होऊन त्या ग्वाल्हेरला आल्या. राजकारणात आल्या त्या नवऱ्यासाठी. १९५२ च्या निवडणुकीत हिंदू महासभेचे विष्णू घनश्याम देशपांडे गुना आणि ग्वाल्हेर या दोन्ही जागा जिंकून बसले होते, आणि महाराजांचा आतून महासभेला पाठिंबा आहे अशी शंका दिल्लीत घेतली जात होती. ती दूर करायला महाराणी नेहरूंना भेटल्या. नेहरूंनी त्यांना गोविंद वल्लभ पंत आणि लालबहादूर शास्त्री यांच्याकडे पाठवले, आणि अखेर काँग्रेसची उमेदवारी महाराणींच्याच पदरात पडली. १९५७ मध्ये त्यांनी गुन्यातून देशपांड्यांनाच हरवले. चार वर्षांनी मुंबईत जिवाजीरावांचे निधन झाले. महाराणी राजमाता झाल्या. मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता.

यानंतरचा इतिहास असा आहे की तिथे थोडे थांबायला हवे.

मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र संस्थानिकांना मोजत नव्हते. बस्तरचे महाराज प्रवीरचंद्र भंजदेव १९६६ च्या मार्चमध्ये पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्याच वर्षी ग्वाल्हेरात विद्यार्थ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला. राजमाता आणि मिश्र यांच्यात तिकीटवाटपावरून आधीच धुसफूस होती, ती आता उघड वैरात बदलली. १९६७ ची निवडणूक तोंडावर असताना राजमातांनी काँग्रेस सोडली. लोकसभेला गुन्यातून स्वतंत्र पक्षाच्या तिकिटावर आणि विधानसभेला करेऱ्यातून जनसंघाच्या तिकिटावर उभ्या राहिल्या. दोन्हीकडे जिंकल्या. लोकसभा सोडून विधानसभा ठेवली, कारण लढाई भोपाळात होती. रिकाम्या झालेल्या गुन्यातून पोटनिवडणुकीत आचार्य कृपलानी निवडून आले.

२९६ जागांच्या विधानसभेत काँग्रेसकडे १६७ आमदार होते. बहुमत पक्के दिसत होते. जुलैअखेर गोविंदनारायण सिंह यांच्या मागे ३६ आमदार बाहेर पडले आणि मिश्रांचे सरकार कोसळले. फुटीर आणि विरोधक मिळून झालेल्या संयुक्त विधायक दलाच्या नेत्या राजमाता होत्या. मुख्यमंत्रिपद त्यांनी घेतले नाही, ते गोविंदनारायण सिंहांना दिले. पुढे काय झाले, हे राजमातांचे गोडवे गाणारे क्वचितच सांगतात. हे सरकार दीड वर्षाच्या थोडे पुढे गेले, आणि १९६९ च्या मार्चमध्ये पायउतार झालेले गोविंदनारायण सिंह काँग्रेसमध्ये परत गेले. लोकांनी १६७ जागा देऊन निवडलेले सरकार पाडून मध्य प्रदेशाच्या हाती काय लागले? काही महिन्यांची मंत्रिपदे आणि एक वाट. त्या वाटेवरून नंतर अख्खा देश चालत गेला.

राजमातांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या स्वतः पक्ष सोडून आधी मतदारांकडे गेल्या होत्या. काँग्रेसच्या विरोधात मते मागितली आणि मिळवली. त्यांचा स्वतःचा कौल स्वच्छ होता. त्या ३६ जणांचा नव्हता. पण त्या ३६ जणांना आसरा महलनेच दिला. एका अहंकारी मुख्यमंत्र्याला धडा शिकवायचा होता, हे समजू शकते. किंमत मात्र मतदारांच्या मतांनी चुकवली गेली.

आता ५३ वर्षे पुढे या. राजमातांचे नातू ज्योतिरादित्य शिंदे २०१९ मध्ये गुन्यातून हरले. महलमधल्या माणसाचा गुन्यातला हा पहिला पराभव, तोही कृष्णपाल सिंह यादव या कालपर्यंतच्या स्वतःच्याच सहकाऱ्याकडून, सव्वा लाख मतांनी. १० मार्च २०२० रोजी, वडिलांच्या ७५ व्या जयंतीला, त्यांनी काँग्रेस सोडली. २२ आमदारांनी राजीनामे दिले. त्यांतले बहुतेक भोपाळात नव्हते, बेंगळुरूच्या रिसॉर्टमध्ये होते. त्यांत राज्याचे आरोग्यमंत्री तुलसी सिलावट होते. महिना कोणता होता, हे आठवा. करोना दारात उभा होता आणि राज्याचा आरोग्यमंत्री परराज्यातल्या रिसॉर्टमध्ये होता. २० मार्चला मुख्यमंत्री कमलनाथांनी राजीनामा दिला, २३ मार्चला भाजपच्या शिवराजसिंह चौहानांनी शपथ घेतली, दुसऱ्या दिवशी देशभर टाळेबंदी जाहीर झाली. त्यानंतर जवळपास महिनाभर मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळात एकटे मुख्यमंत्रीच होते. साथीच्या सर्वांत भीतीदायक दिवसांत सात कोटींहून अधिक लोकांच्या राज्याला आरोग्यमंत्रीच नव्हता.

या घटनेला भाजपने घरवापसी म्हटले. आत्या यशोधराराजेंनी त्यात राजमातेचे रक्त पाहिले. रक्ताची गोष्ट निघालीच आहे तर फरकही नीट सांगू. आजीने आधी निवडणूक लढवून मग सरकार पाडले. नातवाने निवडणूक हरून सरकार पाडले. आजीने सत्ता आल्यावर पद घेतले नाही. नातू तीन महिन्यांत राज्यसभेवर गेला आणि पुढच्या वर्षी केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री झाला. रस्ता आजीचाच, पण आजीने जे सोडले तेच नेमके नातवाने उचलले. काँग्रेसमध्ये त्यांच्यावर अन्याय झाला होता का? २०१८ च्या विधानसभेतल्या विजयानंतर त्यांना बाजूला ठेवले गेले, हे खरे आहे. तरीही अन्यायाची दाद मागायला गुना, शिवपुरी, अशोकनगरचे मतदार होते. त्यांच्याकडे जायचे सोडून आमदारांना विमानात बसवले गेले.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी राजमातांच्या जन्मशताब्दीनिमित्त पंतप्रधानांच्या हस्ते शंभर रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. साधारण तीन आठवड्यांनी मध्य प्रदेशात २८ जागांची पोटनिवडणूक होती, आणि त्यातल्या बहुतेक जागा या राजीनाम्यांमुळे रिकाम्या झाल्या होत्या. भाजपने १९ जिंकल्या. त्या नाण्यामागे १९६७ चा वारसा होता. १९७५ चा वारसा कुठे होता?

आणीबाणी लागली तेव्हा राजमाता ५५ वर्षांच्या होत्या. नेपाळशी आईकडून रक्ताचे नाते होते, मुलगी उषाराजे तिथल्या राणा घराण्यात दिलेली होती. सीमा ओलांडणे त्यांना अवघड नव्हते. मुलगा माधवराव नेपाळला गेलाही. राजमाता गेल्या नाहीत. त्या अटकेला सामोऱ्या गेल्या आणि तिहारमध्ये गेल्या, जिथे जयपूरच्या गायत्रीदेवीही होत्या. जयविलास महालात ज्यांच्या एका शब्दावर माणसे धावत, त्या बाई सामान्य गुन्हेगार बायकांच्या शेजारी राहिल्या. राज्यघटनेचे मोठे मोठे सिद्धांत त्यांनी मांडले नसतील. पण सत्ता अन्याय करते तेव्हा पळायचे नाही, एवढे त्यांनी शरीराने सिद्ध केले. राजकीय घराण्यातल्या माणसाकडून याहून जास्त काही मी मागत नाही.

आणीबाणीनंतरही त्यांनी सोपी वाट घेतली नाही. १९८० मध्ये त्या रायबरेलीत इंदिरा गांधींविरुद्ध उभ्या राहिल्या. हरणार हे उघड होते, मोठ्या फरकाने हरल्या. त्याच निवडणुकीत मुलगा गुन्यातून इंदिरा गांधींच्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आला. पदांच्या बाबतीतही त्यांची हीच तऱ्हा. लालकृष्ण अडवाणींच्या आत्मचरित्रात आहे की जनसंघाचे अध्यक्षपद त्यांना देऊ केले होते. दतियाच्या आपल्या गुरूंना विचारून त्यांनी नकार दिला. भाजपच्या स्थापनेपासून त्या उपाध्यक्ष होत्या. मंत्रिपद आयुष्यात घेतले नाही.

त्यांची पूजा करणाऱ्यांना पुढचा परिच्छेद आवडणार नाही, पण तो लिहिल्याशिवाय त्यांच्याबद्दल बोलण्याचा अधिकार मला नाही. १९८७ मध्ये राजस्थानातल्या देवराळ्यात अठरा वर्षांची विधवा चितेवर जळाली. देश हादरला. स्वतः ४१ व्या वर्षी विधवा झालेल्या, चार मुली वाढवलेल्या, तुरुंग भोगलेल्या या बाई तेव्हा सतीच्या समर्थकांच्या बाजूला उभ्या राहिल्या. मला त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत अक्षम्य गोष्ट वाटते. १९६७ च्या फोडाफोडीपेक्षाही. ज्या बाईच्या शब्दाला चंबळपासून राजपुतान्यापर्यंत वजन होते, तिने 'हा खून आहे' असे एक वाक्य उच्चारले असते तर किती मुलींच्या सासरी ते ऐकले गेले असते! ६ डिसेंबर १९९२ रोजी त्या अयोध्येतही होत्या आणि बाबरी पाडल्याच्या खटल्यात आरोपी होत्या. खटल्याचा निकाल लागायच्या आत त्या गेल्या. वारसा सांगायचा तर हेही त्यात येते. नाण्यावरची सोज्ज्वळ मुद्रा पूर्ण माणूस दाखवत नाही.

आता आई आणि मुलाकडे वळू, कारण या घरातल्या भांडणाचे ओझे सर्वांत जास्त गुन्याने वाहिले आहे.

१९७१ मध्ये इंदिरा लाटेला न जुमानता जनसंघाने या पट्ट्यातल्या तीन जागा जिंकल्या. भिंडमधून राजमाता, ग्वाल्हेरमधून अटलबिहारी वाजपेयी, गुन्यातून २६ वर्षांचे माधवराव. १९७७ मध्ये माधवराव अपक्ष म्हणून जिंकले, १९८० मध्ये काँग्रेसचे म्हणून. १९८४ मध्ये त्यांनी ग्वाल्हेरात वाजपेयींना पावणेदोन लाख मतांनी हरवले. आई वाजपेयींच्या पक्षाची उपाध्यक्ष होती. १९८९ पासून १९९८ पर्यंत गुना राजमातांकडे, भाजपच्या नावावर. १९९९ मध्ये पुन्हा माधवराव, काँग्रेसच्या नावावर. २००२ च्या पोटनिवडणुकीपासून ज्योतिरादित्य, काँग्रेस. २०२४ मध्ये पुन्हा ज्योतिरादित्य, भाजप. म्हणजे काँग्रेस, स्वतंत्र पक्ष, जनसंघ, अपक्ष, भाजप अशा पाच ओळखींवर हे घराणे एकाच मतदारसंघातून निवडून आले. मतदारांनी इतका विश्वास टाकला. त्या बदल्यात महलने आपण पक्ष का बदलला, धोरण काय बदलले, याचा हिशेब कधी दिला? माय-लेकांचे वैर, सल्लागार सरदार संभाजीराव आंग्रे यांचा राजमातांवरचा प्रभाव, संपत्तीचे खटले, यांच्या कहाण्या ग्वाल्हेरच्या गल्लीबोळांत सगळ्यांना पाठ आहेत. गुन्यातल्या शेतकऱ्याला आणि मजुराला त्या कहाण्यांतून काय मिळाले, हे कोणी विचारत नाही.

राजमाता २५ जानेवारी २००१ रोजी गेल्या. मागे १९८५ चे एक मृत्युपत्र निघाले. मुलाने आपले अंत्यसंस्कार करू नयेत, अशी त्यात इच्छा होती. अग्नी मुलानेच दिला. आठ महिन्यांनी, ३० सप्टेंबरला, कानपूरच्या सभेला जाताना मैनपुरीजवळ विमान कोसळून माधवरावही गेले. कोर्टकज्जे पुढच्या पिढीकडे आले. यापेक्षा जास्त त्या कौटुंबिक दुःखात मला जायचे नाही.

माधवरावांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आवर्जून नोंदवतो, कारण ती आता कोणी नोंदवत नाही. १९९३ च्या जानेवारीत भाड्याने घेतलेले एक विमान दिल्ली विमानतळावर उतरताना उलटले. नागरी विमान वाहतूक मंत्री माधवराव होते. त्यांनी राजीनामा दिला. विमान त्यांनी चालवले नव्हते. खुर्ची सोडण्याचे बळ आईकडून कोणाला मिळाले असेल, तर त्या एका दिवशी या मुलाला मिळाले. त्याच खात्याचे मंत्री पुढे त्यांचे चिरंजीव झाले. ज्या वारशाचा खरा अभिमान बाळगावा, तो हाच होता.

मुलींची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगताना आपली पत्रकारिता नेहमी घाई करते. शिंदे घराण्याचा वारस म्हटले की माधवराव, मग ज्योतिरादित्य, आणि आता महाआर्यमन, जे २०२५ मध्ये मध्य प्रदेश क्रिकेट संघटनेचे बिनविरोध अध्यक्ष झाले. त्यांचे आजोबा आणि वडीलही तिथे अध्यक्ष होते. आपली नजर मुलाकडून नातवाकडे आणि नातवाकडून पणतूकडे जाते. पण आईचा पक्ष, आईची संघटना, आईची घाम गाळून फिरण्याची सवय या गोष्टी मुलींनी घेतल्या. वसुंधराराजे १९८४ मध्ये भिंडमधून हरल्या, दुसऱ्या वर्षी धौलपुरातून आमदार झाल्या, १९८९ पासून झालावाडच्या खासदार झाल्या, आणि २००३ मध्ये राजस्थानच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. २०१३ मध्ये पुन्हा. यशोधराराजे शिवपुरीतून वारंवार निवडून आल्या, मंत्री झाल्या. भाचा पक्षात येण्याआधी किती तरी वर्षे या दोघी त्या पक्षात राबत होत्या. तरी तो आला त्या दिवशी मथळा झाला की राजमातेचा वारस घरी परतला. दोन मुली घरात बसलेल्या असताना!

या घराण्याला कर्तबगार बायकांची सवय नवी नाही. कागलच्या घाटग्यांची लेक बायजाबाई दौलतराव शिंद्यांमागे ग्वाल्हेरचा कारभार पाहत होती, पैशाच्या व्यवहारात भल्याभल्या सावकारांना भारी होती. तिलाही शेवटी दत्तक मुलासाठी राज्य सोडावे लागले. दोनशे वर्षे होत आली, चित्र फारसे बदललेले नाही. १२ डिसेंबर २०२३ रोजी जयपुरात राजस्थानच्या नव्या मुख्यमंत्र्यांचे नाव जाहीर झाले. चिठ्ठी वसुंधराराजेंच्या हातात दिली गेली आणि त्यांनीच पहिल्यांदा आमदार झालेल्या भजनलाल शर्मांचे नाव वाचले. यशोधराराजेंनी त्या वर्षी प्रकृतीचे कारण देऊन निवडणूकच लढवली नाही.

तरीही वसुंधराराजेंना मी तिहारची वारस म्हणू शकत नाही. २०१७ मध्ये त्यांच्या सरकारने एक अध्यादेश काढला. सरकारी नोकर, न्यायाधीश यांच्यावरच्या आरोपांची चौकशी सरकारच्या परवानगीशिवाय होणार नव्हती, आणि परवानगी मिळेपर्यंत वर्तमानपत्रांनी त्यांचे नाव छापायचे नव्हते. छापले तर तुरुंग. जिच्या आईला वृत्तपत्रांची तोंडे बांधणाऱ्या राजवटीने कोठडीत टाकले, तिच्याच सरकारने त्या अध्यादेशाचे विधेयक विधानसभेत आणले. पत्रकार, वकील आणि नागरिक रस्त्यावर उतरले, म्हणून ते मागे घ्यावे लागले. आईच्या तसबिरीला हार घालणे सोपे असते. आईच्या तुरुंगातून धडा घ्यायला सत्तेत असताना स्वतःला आवरावे लागते.

शिंद्यांना एकट्यांना दोष देऊन आपली सुटका नाही. १९६७ मध्ये मध्य प्रदेशात, हरयाणात आणि इतरत्र पक्षांतराचा असा सुळसुळाट झाला की लोकसभेने त्यावर समिती नेमायला लावली. अध्यक्ष होते केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. समितीने १९६९ मध्ये अहवाल दिला. पक्ष बदलणाऱ्याला ठरावीक मुदतीपर्यंत किंवा तो पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री करू नये, ही शिफारस त्यात होती. साधी, सरळ, गावच्या माणसाला पटणारी गोष्ट. पक्षांतरबंदी कायदा यायला १९८५ उजाडले, आणि अपात्र ठरलेल्याला मंत्री करू नये हे घटनेत यायला २००३.

मग २०२० मध्ये काय झाले? आमदार अपात्र ठरलेच नाहीत. त्यांनी राजीनामे दिले. घटनेप्रमाणे आमदार नसलेला माणूस सहा महिने मंत्री राहू शकतो. त्यामुळे शिवराजसिंहांच्या मंत्रिमंडळात जुलै २०२० मध्ये १४ मंत्री असे होते जे विधानसभेचे सदस्यच नव्हते. सिलावट त्यांतलेच एक. सहा महिन्यांची मुदत पोटनिवडणुकीआधी संपली म्हणून त्यांना ऑक्टोबरमध्ये मंत्रिपद सोडावे लागले. चव्हाण समितीने लावलेले दार राजीनाम्याच्या खिडकीतून ओलांडले गेले. त्याआधी २०१९ मध्ये कर्नाटकातल्या आमदारांनीही हेच केले होते, आणि त्यांचा मुक्काम आपल्या मुंबईत होता. २०२२ मध्ये सुरत-गुवाहाटीला आपले आमदार गेले. तेव्हा वाट निराळी होती, मतदाराची किंमत तेवढीच कमी होती.

गुन्याची अखेर तर कोणत्याही मतदाराला राग यावा अशी आहे. २०१९ मध्ये ज्या कृष्णपाल यादवांनी भाजपकडून महलला पहिल्यांदा हरवले, त्यांना २०२४ मध्ये त्याच भाजपने तिकीट दिले नाही. तिकीट हरलेल्या शिंद्यांना मिळाले आणि ते पाच लाखांहून अधिक मतांनी जिंकले. महलला हरवणाऱ्या साध्या कार्यकर्त्याचा विजय एका पक्षप्रवेशाने पुसून टाकला. उद्या कोणता कार्यकर्ता महलसमोर उभा राहील?

यशवंतराव चव्हाण आपले होते आणि हे काम अर्धवट राहिले आहे. विधानसभेच्या किंवा लोकसभेच्या मुदतीत राजीनामा देऊन पक्ष बदलणाऱ्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री करता येणार नाही, एवढी एक दुरुस्ती घटनेत हवी. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ खासदार जातात. खासगी विधेयक मांडण्याचा अधिकार मंत्री नसलेल्या प्रत्येकाला आहे. तुमचा खासदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याला या आठवड्यात पत्र लिहा आणि हे विधेयक मांडणार की नाही, ते विचारा.